तर्री कुणाच्या मालकीची? ट्रेडमार्कविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : नागपूरच्या प्रतापनगरात माझी पोह्याची गाडी आहे, अकरा वर्षं झाली. पाटीवर पहिल्या दिवसापासून ‘या, बसा, तर्री खा’ लिहिलंय. आता एका नव्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. ‘तर्री खा’ हा त्यांचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे म्हणे. पंधरा दिवसांत पाटी काढा आणि पाच लाख भरा. ताई, उतरवू का पाटी?

नका उतरवू, दादा. पैसेही देऊ नका. पण नोटीस गल्ल्याखाली दाबून ठेवू नका. बहुतेक जण तिथेच फसतात.

आधी नोटिशीत अर्ज क्रमांक दिलाय का ते बघा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो टाकला की फुकटात सगळं दिसतं : मालाच्या किंवा सेवेच्या कोणत्या वर्गात अर्ज आहे, वापर कधीपासूनचा सांगितलाय, सध्या काय स्थिती आहे. नोटिशीत ठळक अक्षरांत ‘नोंदणीकृत’ आणि रजिस्टर उघडलं तर नुसता आक्षेप लागलेला अर्ज, हे मी कितीदा तरी पाहिलंय. कधी नोंदणी खरी असते, पण ती चित्र, रंग आणि अक्षरं मिळून झालेल्या अख्ख्या लेबलची असते. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १७ प्रमाणे हक्क त्या अख्ख्या चिन्हावर मिळतो, त्यातल्या धंद्यात सर्रास चालणाऱ्या शब्दावर नाही.

आणि ‘तर्री’पेक्षा सर्रास शब्द नागपुरात कोणता आहे? सकाळी सातला कुठल्याही चौकात उभं राहा. प्लेटमध्ये पोहे, त्यावर गंजातली, म्हणजे पातेल्यातली, चण्याची तर्री, लाल तवंग, वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि मागून कुणीतरी हमखास ओरडतो, ‘भाऊ, थोडी तर्री अजून टाक!’ तो कंपनीचं नाव घेत नसतो, तर्री मागत असतो. मालाचा प्रकार किंवा गुण नुसता सांगणारा शब्द, किंवा धंद्यात रूढ झालेला शब्द, कलम ९ मुळे सहसा नोंदलाच जात नाही. चुकून नोंदला गेला तरी आपल्या मालाचं सरळ वर्णन करायला तो वापरणाऱ्याला कलम ३० वाचवतं.

तुमचं सर्वांत भक्कम हत्यार मात्र कलम ३४. त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी, या दोन्हींच्या आधीपासून तुमचा वापर अखंड चालू असेल, तर नोंदणी दाखवून ते तुम्हाला थांबवू शकत नाहीत. म्हणून आजच कागद गोळा करा. जुनी अन्न परवाना नोंदणी, महापालिकेच्या पावत्या, पाटी रंगवणाऱ्याचं बिल, गाडीमागे पाटी दिसणारा पोराच्या वाढदिवसाचा फोटोसुद्धा. फोटोवर तारीख असेल तर सोन्याहून पिवळं.

वकिलामार्फत मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत जिल्हा न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी आमचं ऐका’ असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस चालतं, आणि तेवढ्यात तुम्हाला न ऐकता तुमच्या पाटीविरुद्ध मनाई हुकूम निघत नाही. समोरच्याची धमकी बिनबुडाची असेल तर कलम १४२ खाली उलट तुम्हीच दावा लावू शकता.

प्रश्न : ‘अस्सल सावजी’ हे नाव माझ्या भोजनालयासाठी नोंदवता येईल का? म्हणजे गल्लोगल्लीचे डुप्लिकेट बंद होतील.

नाही, आणि नोंदवता येऊ नये असंही माझं ठाम मत आहे. सावजी हे एका समाजाचं नाव आहे आणि त्या समाजाच्या घरांतून आलेल्या रश्श्याचं. ‘अस्सल’ तर निव्वळ विशेषण. तुमच्या आजोबांचं नाव, घराण्याचं नाव किंवा एखादा घडवलेला शब्द पुढे लावा आणि तो नोंदवा. हल्दीराम हे आपल्या शहराला घरचं उदाहरण. ते व्यक्तीचं नाव आहे, भुजियाचं नाही, म्हणून ते इतकं टिकलं. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला सुप्रसिद्ध चिन्हाचा दर्जा दिला. शेव आणि भुजिया हे शब्द मात्र आजही सगळ्यांचे आहेत.

प्रश्न : सदरमध्ये आमचा छोटा कॅफे आहे. दर बुधवारी ‘बिर्याणी बुधवार’ करतो, गर्दी होते. दुसऱ्यांनी चोरण्याआधी हे वाक्य नोंदवू का?

अर्ज करायला कुणी अडवणार नाही. पण आधी ‘टॅको ट्यूसडे’चं काय झालं ते ऐका. टॅको म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या पोळीत भरलेलं सारण, आणि मंगळवारी ते स्वस्तात विकायची अमेरिकेत जुनी पद्धत. टॅको जॉन्स या साखळीने १९८९ मध्ये हे दोन शब्द नोंदवून घेतले. न्यू जर्सीत हक्क एका स्थानिक हॉटेलाकडे, बाकी देशभर यांच्याकडे. मग वर्षानुवर्षं छोट्या हॉटेलांना नोटिसा जात राहिल्या, आणि लोक मात्र दर मंगळवारी तेच म्हणत राहिले. २०१९ मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांच्या कंपनीने याच शब्दांसाठी अर्ज केला, तर तिथल्या कार्यालयाने ते रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत म्हणून नकार दिला. मे २०२३ मध्ये टॅको बेल या दुसऱ्या साखळीने नोंदणी रद्द करायचा अर्ज टाकला. जुलैत टॅको जॉन्सने हक्क सोडला आणि वकिलांवर खर्च करण्यापेक्षा उपाहारगृहांतल्या कामगारांच्या मुलांसाठी ४०,००० डॉलर दिले. काही महिन्यांनी न्यू जर्सीचं हॉटेलही मागे हटलं.

चौतीस वर्षं सांभाळलेला हक्क असा गेला. तुमच्या वाक्यात पदार्थाचं नाव आणि वाराचं नाव, एवढंच आहे. शेजारच्याने उद्या ‘बुधवारी बिर्याणी’ लिहिलं तर त्याला थांबवणं मला न्यायाचंही वाटत नाही. जपायचं ते कॅफेचं नाव. त्यावर पैसे खर्च करा.

आपल्याकडची न्यायालयंही याच वाटेने जातात. नूडल्सवरच्या ‘मॅजिक मसाला’ या शब्दांवरून आयटीसी आणि नेस्ले भांडले, तेव्हा २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या शब्दांची मक्तेदारी कुणालाच दिली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जे मिळालं नाही, ते आपल्याला मिळेल अशी आशा धरू नका.

प्रश्न : मेनूत ‘व्हेज सब’ आणि ‘चिकन झिंगर’ लिहिलं तर चालेल का?

‘सब’ चालेल. लांबट पावाच्या सँडविचला सर्रास तेच म्हणतात, आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सबवे या सँडविच साखळीच्या दाव्यात हेच सांगितलं. पण त्यांच्यासारखी अक्षरं, तोच हिरवा-पिवळा रंग असा थाट करू नका. ‘झिंगर’ला हात लावू नका. तो पदार्थाचा प्रकार नाही, केएफसीने रूढ केलेलं नाव आहे. सरळ ‘कुरकुरीत चिकन बर्गर’ लिहा, गिऱ्हाइकाला कळतं.

प्रश्न : नावापुढे गोलातला ‘आर’ लावला तर लोक घाबरतात म्हणे. लावू?

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत नाही. तो खोटा लावणं कायद्याने चूक आहे. तोवर ‘टीएम’, म्हणजे ट्रेडमार्क, लावा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : इतवारीतल्या छोट्या फरसाणवाल्याला हा सगळा खर्च झेपेल का?

झेपेल. व्यक्ती किंवा लहान उद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. फरसाण वर्ग ३० मध्ये येतं, हॉटेल वर्ग ४३ मध्ये. अर्ज मान्य झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि चार महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध झाला नाही तर नोंदणी होते, दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

हा चार महिन्यांचा दरवाजा आपल्या लोकांना माहीतच नसतो, याची मला फार खंत आहे. जर्नल दर आठवड्याला निघतं आणि फुकट वाचता येतं. कुणी ‘पाटोडी’, ‘सांबारवडी’ किंवा ‘तर्री’ आपल्या एकट्याच्या नावावर करू बघत असेल, तर विरोधाची ऑनलाइन फी २,७०० रुपये. इतवारीतल्या दहा दुकानदारांनी मिळून भरले तर माणशी २७० पडतात. तुमच्या व्यापारी संघटनेत एका पोराला सोमवारी सकाळी वर्ग ३० आणि ४३ ची पानं चाळायचं काम द्या, आणि काही दिसलं तर चार महिने संपायच्या आत मला कळवा.