ओपन रेल्समध्ये एकेरी मार्गाचे सिग्नल कसे बसवावेत?

आपला प्रश्न असा आहे की, वडसा ते नागभीड या एकेरी मार्गाचा रूट ओपन रेल्स या संगणकावर गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरसाठी बनवताना आपण सर्व सिग्नल बसवले. तरीही एक मालगाडी होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याची परवानगी देणाऱ्या सिग्नलला, उभी असताना मागच्या स्टेशनवरून दुसरी गाडी सुटते आणि तिच्या पाठीशी येऊन थांबते. शिवाय लूप लाइनवर, म्हणजे मेन लाइनला दोन्ही टोकांना जोडलेल्या बाजूच्या रुळावर, मालगाडी घेतली, की मेन लाइनच्या गाडीसाठी होम लालच राहतो. लूपची लांबी ६०० मीटर ठेवल्याचेही आपण लिहिले आहे. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. मी नागभीडजवळच्या एका खेड्यात राहतो आणि याच मार्गाचा पुढचा नागभीड ते मूल हा भाग बनवताना पहिली चूक मी स्वतः केली होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

पहिल्या तक्रारीचे मूळ बहुतेक डिस्टंट सिग्नलमध्ये, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलमध्ये, सापडेल. ओपन रेल्सने सिग्नलची पद्धत २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरकडून घेतलेली आहे आणि तीत प्रत्येक सिग्नलला एक प्रकार नेमून द्यावा लागतो: नॉर्मल, डिस्टन्स, शंटिंग इत्यादी. यांपैकी नॉर्मल प्रकारचा सिग्नलच रुळाचे ब्लॉक पाडतो, म्हणजे एका नॉर्मल सिग्नलपासून पुढच्या नॉर्मल सिग्नलपर्यंतचा रूळ मोकळा आहे की नाही, एवढेच पाहून तो उतरवला जातो, म्हणजे गाडीला पुढे जाऊ देतो. आता डिस्टंटला चुकून नॉर्मल प्रकार दिला, तर मागच्या स्टेशनच्या अॅडव्हान्स्ड स्टार्टरला (स्टेशन सोडताना लागणाऱ्या शेवटच्या सिग्नलला) पुढचा सिग्नल म्हणून होमऐवजी डिस्टंटच दिसतो. पहिल्या मालगाडीची शेपटी डिस्टंट ओलांडून गेली, की स्टार्टरच्या दृष्टीने ब्लॉक मोकळा होतो आणि दुसरी गाडी सुटते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत दोन स्टेशनांच्या मधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी असते, आणि होमच्या पुढे १८० मीटर रूळ मोकळा असल्याशिवाय मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडण्याची परवानगी, दिली जात नाही. मी या चुकीपायी दिवाळीची सबंध सुटी घालवली. दिव्यांचे मॉडेल बदलले, रूळ पुन्हा टाकले, आणि शेवटी एका ओळीतला एक शब्द बदलल्यावर सगळे सुरळीत झाले.

म्हणून डिस्टंटला डिस्टन्स हाच प्रकार द्यावा. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण त्याच्या स्क्रिप्टने (सिग्नलने कसे वागावे हे सांगणाऱ्या मजकुराने) पुढचा नॉर्मल सिग्नल काय दाखवतो, हे विचारले पाहिजे. तिथेही डिस्टन्स प्रकारच लिहिला गेला, तर तो बिचारा पुढच्या स्टेशनच्या डिस्टंटकडे पाहून रंग ठरवतो आणि समोरच्या होमशी त्याचा काही संबंध राहत नाही. योग्य नाते असे आहे: होम लाल असेल तर डिस्टंटवर एक पिवळा, होम पिवळा असेल तर दोन पिवळे आणि होम हिरवा असेल तर हिरवा. डिस्टंटवर लाल दिवा नसतोच. आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून एक डिस्टंट दिसतो. रात्री पाणी पाहायला गेलो असता त्यावर दोन पिवळे दिवे वर-खाली लागलेले दिसले, की गाडी स्टेशनात थांबायला किंवा लूपवर जाणार, हे इंजिनाचा आवाज येण्याआधीच कळते. आणि एकच पिवळा असला, तर गाडी होमजवळ खोळंबते आणि तिचा हॉर्न गावापर्यंत ऐकू येतो. आपल्या रूटवर हा क्रम बरोबर उतरला, की चालवणाऱ्यालाही वेग केव्हा आवरायचा ते आपोआप समजते.

दुसऱ्या तक्रारीचे कारण आपण स्वतःच दिलेले आहे: ६०० मीटरची लूप. भारतीय रेल्वेवर लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर धरली जाते आणि ५८ बॉक्सएन (उघड्या) वाघिणींची मालगाडी इंजिन व ब्रेक व्हॅनसह तीत जेमतेम मावते. आपल्या लूपमध्ये तिची शेपटी मागच्या सांध्यावरच, म्हणजे लूप मेन लाइनपासून फुटते त्या जागीच, राहते, सांधा व्यापलेला राहतो आणि मेन लाइनच्या गाडीला होम मिळत नाही. येथे सिग्नल अगदी बरोबर वागत आहे. त्याला दोष देऊन स्क्रिप्टशी खेळू नये, लूप लांबवावी. त्याच वेळी लूपच्या टोकाचा स्टार्टर (लाइनवरून निघण्याची परवानगी देणारा सिग्नल) फाउलिंग मार्कच्या, म्हणजे शेजारच्या लाइनला अडथळा न होता उभे राहता येते त्या हद्दीच्या, आत आहे ना, हे जवळ जाऊन पाहावे, कारण तो बाहेर गेला तर स्टार्टरला उभ्या असलेल्या इंजिनाचे तोंड मेन लाइनच्या वाटेत येते.

आता मांडणीचा क्रम. बरेच जण गाडी येते त्या दिशेने, म्हणजे आधी डिस्टंट, मग होम असे सिग्नल लावत जातात. मला हे पटत नाही. सिग्नल आपल्या पुढच्या रुळाची राखण करतो, तेव्हा गाडी शेवटी कोठे उभी राहणार, हे ठरवून तेथून मागे येत जावे. एक मेन आणि एक लूप असलेल्या स्टेशनात गाड्या दोन्ही दिशांनी येत असल्यामुळे आधी दोन्ही लाइनींच्या दोन्ही टोकांना मिळून चार स्टार्टर बसवावेत. मग प्रत्येक बाजूस बाहेरच्या सांध्यापलीकडे एक अॅडव्हान्स्ड स्टार्टर, सांध्याच्या किमान १८० मीटर अलीकडे होम आणि होमच्या १ किलोमीटर अलीकडे डिस्टंट. असे एकूण दहा सिग्नल होतात. दोन डिस्टंट असलेल्या मार्गावर बाहेरचा होमपासून २ किलोमीटरवर येतो. होमच्या खांबावर लूपसाठी पाच पांढऱ्या दिव्यांचा रूट इंडिकेटर लावला, तर एडिटरमध्ये तो लूपच्याच वाटेशी जोडावा. ही जोडणी उलटी झाली, की मेन लाइनवर सरळ जाणाऱ्या गाडीला पांढरे दिवे दिसतात आणि चालवणारा विनाकारण १५ किंवा ३० किलोमीटरच्या वेगावर येतो. खांब रुळाच्या डाव्या हाताला आणि दिवे येणाऱ्या ड्रायव्हरकडे तोंड करून असावेत, हे सांगण्याची कदाचित गरज नाही, परंतु कायम लाल राहणाऱ्या सिग्नलांमध्ये उलटे लावलेले सिग्नलच जास्त सापडतात.

चाचणी करताना एकच गाडी चालवून समाधान मानू नये. वडशाकडून एक आणि नागभीडकडून एक अशा दोन स्वयंचलित गाड्या मधल्या ब्रह्मपुरीत क्रॉसिंग होईल अशा बेताने सोडाव्यात आणि स्वतः गाडी न चालवता सर्व गाड्या व सिग्नल दाखवणारी डिस्पॅचर विंडो उघडून बसावे. लूपवरची गाडी पूर्ण आत येऊन थांबल्यावरच समोरच्या गाडीचा होम लालावरून बदलला पाहिजे, आणि ती गाडी सांध्यावरून पार झाल्यावरच लूपचा स्टार्टर उतरला पाहिजे. त्यानंतर तिसरी गाडी पहिलीच्या मागोमाग सोडावी. ती मागच्या स्टेशनातच थांबून राहिली, तर आपला डिस्टंट दुरुस्त झाला असे समजावे.