स्पायडर-मॅनचे चित्रपट जुन्या कॉमिक्सवरून घेतलेत म्हणतात, मग त्यातली गोष्ट जशीच्या तशी का दाखवत नाहीत?

कारण ते गोष्ट घेतच नाहीत, प्रसंग घेतात. कधी कधी तर कॉमिकच्या पानावरची नुसती एक चौकट.

२००४ चा 'स्पायडर-मॅन २' आठवा. पीटर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, वैतागून सगळं सोडून देतो. कचऱ्याच्या पिंपातून पोशाख लोंबतोय आणि तो पाठमोरा चालता झालाय. हे चित्र जॉन रोमिटांनी १९६७ मध्येच 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ५० व्या अंकात काढून ठेवलं होतं. किंगपिन हा खलनायक पहिल्यांदा आला तो याच अंकात, पण चित्रपटात त्याचा पत्ताच नाही. तिथे खलनायक डॉक्टर ऑक्टोपस आहे.

१२१ व्या अंकाचं तर विचारूच नका. १९७३ साली खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो, पीटरचं जाळं तिला वरच्या वर पकडतं आणि मानेजवळ बारीक अक्षरांत 'स्नॅप' असं छापलेलं. ती वाचत नाही, आणि कदाचित त्या हिसक्यानेच जाते. २००२ च्या चित्रपटात प्रसंग पुलावरचाच, गॉब्लिन तोच, पण ग्वेनच्या जागी मेरी जेन, आणि ती वाचते. गॉब्लिन मात्र १२२ व्या अंकातल्यासारखाच स्वतःच्याच ग्लायडरने (उडत्या यानाने) मरतो. ग्वेनचा मृत्यू पडद्यावर यायला २०१४ उजाडलं. मग २०२१ च्या चित्रपटात त्याच २०१४ वाल्या अभिनेत्याचा, अँड्र्यू गारफिल्डचा, स्पायडर-मॅन पडणाऱ्या एमजे नावाच्या मुलीला झेलतो. ही उधारी थेट कॉमिककडून नाही, आधीच्या चित्रपटाकडून.

माझ्या मते सगळ्यांत हुशारीने घेतलेला प्रसंग 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'मधला (२०१७). चित्रकार स्टीव्ह डिटकोंच्या ३३ व्या अंकात (१९६६) पीटर अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय आणि मे काकूला वाचवणारं औषध हाताच्या अंतरावर पडलंय. पानांमागून पानं तो फक्त जोर लावतो, चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी पानभर चित्रात यंत्र उचललं जातं. चित्रपटाने या प्रसंगातून काकू आणि औषध दोन्ही काढून टाकली. उरला ढिगाऱ्याखाली मदतीसाठी ओरडणारा शाळकरी पोरगा. समोरच्या डबक्यात त्याला अर्धा स्वतःचा चेहरा दिसतो, अर्धा मुखवटा. आणि हा अर्धा-अर्धा चेहरासुद्धा डिटकोंचाच बरं का! त्यांच्या अंकांत तो पदोपदी भेटतो.

जसंच्या तसं का नाही, तर मासिक अंकाला घाई नसते. ग्वेन वाचकांना वर्षानुवर्षं भेटत होती, म्हणून तिचं जाणं लागलं. चित्रपटाला दोन-अडीच तासांत ओळख, प्रेम आणि मरण सगळं उरकायचं असतं. शिवाय जुने वाचकही थिएटरात बसलेले असतात, त्यांना पुढचं ठाऊक असून कसं चालेल?

मूळ वाचायचं असेल तर ३१ ते ३३ हे अंक सलग वाचा. आणि १२१ हातात आला तर १२२ आधीच शोधून जवळ ठेवा.