तिखट वाढवू नका, भात वाढवा

प्रश्न : विमाननगरला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत फिलिपिनो जेवणाचं छोटं दुकान सुरू झालंय. बसायला जागा नाही, पार्सलच न्यायचं. चालवणाऱ्या बाई मूळच्या तिकडच्याच. हौसेने चिकन अडोबो आणला, पण घरात कुणालाच रुचला नाही. तपकिरी रस्सा, आंबट वास, मसाल्याचा पत्ता नाही. पुढच्या वेळी तिखट-मसाला घालून द्यायला सांगावं का? की दुसरं काही मागवावं?
– एक वाचक, विमाननगर

उत्तर : मसाला घालायला सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. बाई घालतीलही, कारण त्यांना गिऱ्हाईक टिकवायचं आहे. मग हळूहळू त्यांच्या पातेल्यात आणि शेजारच्या पंजाबी-चायनीजवाल्याच्या कढईत फरक उरणार नाही, आणि पुण्यात हे जेवण मिळण्याची एक जागा जाईल. अशा जागा आपल्याकडे मुळातच किती थोड्या आहेत!

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर, इंजिन रूममध्ये झाली. जगातल्या कुठल्याही जहाजावर जा, फिलिपिनो खलाशी भेटणारच. आमच्या गॅलीतले, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातले, मुख्य कुकही बहुतेक वेळा फिलिपिनो असत. त्यामुळे अडोबो मी पाहुण्यासारखा चाखला नाही; ड्यूटी संपवून, भुकेल्या पोटी, रोजचं जेवण म्हणून जेवलो. त्या जोरावर सांगतो.

अडोबोत मांस शिजतं ते व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला भरपूर लसूण, अख्खे मिरे आणि तमालपत्र यांत. बस, एवढंच. धने-जिरे नाहीत, हळद नाही. व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, हा आमच्या एका कुकचा कडक नियम होता. ढवळलं तर कच्चा वास राहतो, असं तो म्हणे. स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये तिथे बस्तान बसवलं, त्याच्या आधीपासून ही माणसं मांस-मासळी व्हिनेगर आणि मिठात शिजवत होती. उष्ण, दमट हवेत अन्न टिकवायला दुसरा उपाय काय? स्पॅनिशांनी त्याला त्यांच्याकडचं नाव दिलं आणि सोया सॉस आला चिनी व्यापाऱ्यांबरोबर. म्हणजे तुमच्या डब्यातला तो तपकिरी रस्सा बराच प्रवास करून आलेला आहे.

तुम्ही तो पोळीशी खाल्लात, असा माझा दाट अंदाज आहे. पोळीशी त्याचं जमत नाही. साधा, गरम, मोकळा पांढरा भात घ्या, भरपूर घ्या, आणि त्यावर अडोबोचा रस चमच्या-चमच्याने घाला. तिकडे जेवणाचा पाया भात आणि बाकी सगळं त्याच्या तोंडीलावणं. रस मुद्दाम खारट-आंबट केलेला असतो, तो भाताच्या हिशोबाने. शिळा अडोबो ताज्याहून सरस लागतो, तेव्हा संध्याकाळी आणून दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लात तरी चालेल.

तुमचं पत्र आलं आणि मी मुद्दाम जाऊन आलो. काचेमागे स्टीलचे ट्रे, मागे मोठा राइस कुकर, बाजूला लसूण-मिरची घातलेल्या व्हिनेगरच्या बाटल्या. मनिलातल्या साध्या खानावळींत असंच असतं; ट्रेकडे बोट दाखवायचं की ताटात पडतं. बाई हिंदी कामापुरती बोलतात, पण काय कशात घातलंय ते विचारलं की मनापासून सांगतात. विचारा, त्यांना बरं वाटतं.

आता काय मागवावं ते. तुमच्या घरासाठी पहिला क्रमांक मी सिनिगांगला देईन. चिंचेच्या कोळाचं पातळ, चांगलं आंबट सूप. त्यात कोळंबी, मासा किंवा डुकराचं मांस, आणि मुळा, वांगं, भेंडी, टोमॅटो, चवळीच्या कोवळ्या शेंगा. एक लांब हिरवी मिरची अख्खी सोडलेली असते. ज्याला तिखट हवं त्याने ती आपल्या वाटीत कुस्करावी. तिखटाची सोय तिकडे अशी ज्याच्या-त्याच्या हातात असते. तिकडे चिंच नसेल तर कच्चा आंबा, पेरू किंवा बिलिंबी घालतात. कोळंबीचा सिनिगांग घ्या. पावसाळ्यात तर घ्याच.

दुसरी कारे-कारे. दाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीची मांसाहारी बहीणच म्हणा. मूळ पदार्थात बैलाच्या शेपटीचं मांस असतं. इथे बाई चिकन घालतात. सोबत वांगं, शेंगा, केळफूल. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतलं तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते आणि त्यातले काही मनिलाजवळच्या काइंता गावात कायमचे राहिले. कारे-कारे ही त्यांच्याच करीची लेक, अशी कथा तिकडे सांगतात. मला ती कथा आवडते. रस्सा मुळात अळणी ठेवतात, कारण खारटपणा येतो तो सोबतच्या छोट्या वाटीतल्या बागूंगमधून. जवळ्याएवढी बारीक कोळंबी मिठात आंबवून तो करतात. वास उग्र असतो. घासाला नखभर लावायचा, जास्त नाही.

लुंपिया, म्हणजे बोटाएवढे कुरकुरीत रोल, आणले तर डब्याचं झाकण उघडं ठेवून आणा. वाफ कोंडली की मऊ पडतात. पानसित या नूडल्सवर लिंबू पिळायला विसरू नका.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलगी नोकरीसाठी मनिलाला निघाली आहे. जाण्याआधी सवय व्हावी म्हणून पुण्यातल्या फिलिपिनो दुकानातून जेवण मागवावं म्हणतो. शाकाहारी काय मिळेल?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर : ताई, आधी अवघड भाग सांगतो. ‘मांस नको’ एवढं सांगून तिकडे भागत नाही. मासळीचा पातिस नावाचा खारट सॉस आणि वर सांगितलेला बागूंग भाजीतही असतो. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू, म्हणजे लाइंग, वाचायला किती आपलं वाटतं! त्यात सुकी मासळी असते. मुगाचं दाटसर वरण शेवग्याचा पाला घालून करतात आणि ते बऱ्याच घरांत शुक्रवारी होतं, कारण कॅथलिकांत त्या दिवशी मांस टाळायची जुनी चाल आहे. मांस टाळलं तरी त्यातही कोळंबी किंवा सुकी मासळी पडतेच. तेव्हा मुलीला हे दोन शब्द पाठ करायला सांगा, पातिस आणि बागूंग, आणि प्रत्येक भाजीच्या वेळी दोन्ही नावं घेऊन विचारायला सांगा.

पण वाट बंद नाही. अडोबो ही शिजवण्याची रीत आहे. चवळीच्या शेंगांचा करतात, नाळीच्या भाजीचाही करतात. विमाननगरच्या बाईंना मी विचारलं. आदल्या दिवशी सांगितलं तर शेंगांचा अडोबो मासळी-मांसाशिवाय, वेगळ्या पातेल्यात करून देतात. ऑयस्टर सॉस (तो कालवांचा असतो) नको, हेही सांगा. गोडात तुरोन घ्या. केळं आणि फणसाचा गरा पातळ पारीत गुंडाळून, साखरेत घोळवून तळतात. नारळाच्या दुधातली रताळं, केळं, साबुदाणा आणि तांदळाच्या गोळ्यांची खीरही तुम्हाला चालेल. लेचे फ्लानमध्ये अंडं असतं, ते टाळा.

खरा आधार मात्र तिथल्या बाजाराचा. मूग, शेवग्याचा पाला, कारली, भेंडी, दोडका, दुधी, वांगी, नारळ, टोफू हे सगळं मनिलाच्या साध्या मंडईत मिळतं आणि तांदळाचा तर प्रश्नच नाही. सामानात छोटा कुकर, हिंग आणि गोडा मसाला द्या. ऑफिसात तिला रोज कुणीतरी ‘जेवलीस का?’ म्हणून विचारेल, डब्यातलं पुढे करेल. नाही म्हणताना हसून, कारण सांगून नाही म्हणावं. फार माया करणारी माणसं आहेत ती, जहाजावर मी त्यांच्यात वर्षानुवर्षं राहिलोय.

प्रश्न : माझ्या मुलाला विमाननगरच्या फिलिपिनो दुकानातली गोड स्पॅगेटी फार आवडली. त्यात केळ्याचं केचप असतं म्हणे. खरं का?
– एक वाचक, खराडी

उत्तर : अगदी खरं. एके काळी तिकडे टोमॅटो दुर्मीळ आणि केळी मुबलक, म्हणून केळी कुस्करून, व्हिनेगर-साखर-मसाला घालून आणि लाल रंग देऊन ते करू लागले. त्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नरसायनशास्त्रज्ञ बाईंना देतात. अमेरिकेत शिकून त्या मायदेशी परतल्या आणि आयात मालावाचून देशाचं भागावं म्हणून आयुष्यभर राबल्या. महायुद्धात त्यांनी सोयाबीनची पौष्टिक पूड केली, ती छावण्यांतल्या उपाशी कैद्यांपर्यंत पोचली. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. या बाईंचं नाव आपल्या मुलांनाही माहीत व्हावं असं मला फार वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

स्पॅगेटी तिकडे मुलांच्या वाढदिवसाला हवीच, वर किसलेलं चीज आणि लाल सॉसेजचे काप. सॉसेज नको असेल तर आधी सांगा, कारण ते सॉसमध्येच शिजवलेलं असतं, नंतर वेचून उपयोग नाही.