'हलकी बर्फवृष्टी' म्हणजे नक्की किती? (मनाली-सिस्सूला निघालेल्या ताईंना उत्तर)

ताई, तुमची पोस्ट वाचताना आमच्या टूरवाल्याचा आवाज कानात वाजला. जानेवारीचा पहिला पंधरवडा, सोबत सत्तरीचे सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी, मनालीत मुक्काम आणि एक रात्र अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला. बातम्यांत 'कडाक्याची थंडी, काही ठिकाणी हलकी बर्फवृष्टी'. आणि तुमचा टूरवाला म्हणतो, 'मॅडम, लकी आहात, लाइव्ह स्नोफॉल मिळणार.' हे वाक्य या धंद्यात सगळ्यांना पाठ करायला लावतात की काय कोण जाणे. आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं.

आपल्यासारख्या मुंबईकरांना ती थंडी झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. थंडी झेपते हो. १५ अंशाला माकडटोपी चढवणारी आपली जमात, पण नीट कपडे असले तर उणे आठलाही मजेत फिरते. घोळ होतो तो त्या 'हलक्या' शब्दाने आणि बर्फ पडून गेल्यावर येणाऱ्या रात्रीने. मी हवामानतज्ज्ञ नाही, टूरच्या धंद्यातला तर मुळीच नाही. हात पोळल्यावर जे वाचलं, विचारलं, तेवढंच सांगतोय.

आधी 'हलका' म्हणजे किती ते बघा. हवामान खात्याच्या वर्गवारीत हलका पाऊस म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. डोंगराळ भागाच्या अंदाजात 'पाऊस/बर्फ' असं एकत्रच लिहितात, म्हणजे माप पाण्याचं. आणि एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ होतो. हवा फार थंड असेल तर बर्फ भुसभुशीत पडतो आणि थर आणखी जाड होतो. म्हणजे 'हलकी बर्फवृष्टी' ही बोटभर थरापासून घोटा बुडेपर्यंत काहीही असू शकते. मुंबईत १५ मिलिमीटर पावसाला कुणी ऑफिसातून पाच मिनिटं लवकर सुटत नाही, म्हणून आपल्याला तो शब्द निरुपद्रवी वाटतो. मनालीहून बोगद्याकडे जाताना लागणाऱ्या सोलंगच्या पुढच्या चढावर तेवढ्यात साध्या टायरची गाडी जागच्या जागी फिरायला लागते. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांना रात्रीतून पर्यटक खाली आणावे लागले. ते काही हिमवादळ नव्हतं.

दुसरं, थंडी आणि बर्फ एकाच वेळी येतात असं आपण धरून चालतो. सहसा तसं होत नाही. पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येतो, ढग आणतो, बर्फ पाडतो. ढग असेपर्यंत डोंगराच्या अंगावर गोधडी असते, किमान तापमान फारसं कोसळत नाही. तो पुढे सरकला की आकाश मोकळं होतं, जमिनीतली ऊब रात्रभरात निघून जाते आणि खरा कडाका तेव्हा पडतो. दिवसा गाड्यांच्या चाकांखाली जो बर्फ वितळून रस्त्यावर पसरलेला असतो, तो त्याच रात्री काचेसारखा गोठतो. अंदाजात मात्र दुसऱ्या दिवसापुढे लिहिलेलं असतं, 'हवामान कोरडे राहील'. सूर्याचं चित्र. टूरवाला ते चित्र बघून म्हणतो, 'बघा, उद्या क्लिअर.'

आमच्या सहलीत त्या 'क्लिअर' सकाळी सिस्सूच्या हॉटेलात बादलीतल्या पाण्यावरचा थर मगाने ठोकून फोडावा लागला. गीझर चालू होता, पण त्याच्या नळाला पाणी नाही, कारण बाहेरच्या भिंतीवरून आलेला पाइप गोठलेला. हॉटेलचा पोरगा किटली घेऊन एकेका सांध्यावर गरम पाणी ओतत बसला होता. फाटकापासून रस्त्यापर्यंतचा छोटासा उतार नुकताच धुतल्यासारखा काळा, ओला दिसत होता. ओला नव्हता. ड्रायव्हरने पहिलं पाऊल टाकलं आणि तो गाडीचा आरसा धरूनच उभा राहिला. मग चुलीतली राख घमेल्याने पसरली, तेव्हा कुठे आईला धरून गाडीपर्यंत नेता आलं.

आता आमच्या टूरवाल्याच्या ऑफिसबद्दल. नाव घेत नाही, उगाच इथे भांडणं नकोत. मुंबईतलंच, बऱ्यापैकी मोठं, भिंतीवर बर्फाचे फोटो. निघायच्या आधी अंदाज बघून मी फोन केला. म्हटलं, सिस्सूची रात्र मनालीत घ्या, फरक पडला तर भरतो. पलीकडच्या मुलाने काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, 'सर, कुल्लूला हवामानाचा यलो अलर्ट आहे. ऑरेंज असेल तरच चेंज करता येतो, पॉलिसी आहे.' मी सांगितलं, अरे बाबा, मनाली कुल्लू जिल्ह्यात आहे, सिस्सू लाहौल-स्पितीत. दोन वेगळे जिल्हे, दोघांचे इशारे वेगळे निघतात. लाहौल-स्पितीचा रंग बघ, तिथे ऑरेंजच आहे. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, 'सर, आमच्या सिस्टिममध्ये हे मनाली पॅकेज आहे.'

झालं, विषय संपला. त्याच्या वरच्या माणसाशी बोललो, त्याने तेच वाक्य गोड आवाजात म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मधे तीन हजार मीटरवरचा नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, पलीकडे दुसरं खोरं, दुसरं हवामान, आणि यांच्या सिस्टिममध्ये ते सगळं 'मनाली'.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. बर्फ पडला, सकाळी पोलिसांनी फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या सोडायला सुरुवात केली. यांनी दिलेला टेम्पो ट्रॅव्हलर साधा, बर्फात टायरला चढवायच्या चेन नाहीत, ड्रायव्हर बिचारा पंजाबातला, बर्फात कधी चालवलेलं नाही. त्याचा दोष नाही, त्यालाही 'मनाली' एवढंच सांगितलेलं. ऑफिसला रविवारची सुट्टी. इमर्जन्सी नंबरवरचा माणूस म्हणाला, 'तिथल्या तिथे मॅनेज करा, बिल आणा, बघू.' संध्याकाळी लोकल फोर बाय फोरवाल्याने मागेल तो भाव घेऊन सगळ्यांना खेपा करून अलीकडे आणलं. तोपर्यंत मनालीच्या हॉटेलात आमची रात्र 'नो शो', म्हणजे गिऱ्हाईक आलंच नाही, म्हणून लागली होती! म्हणजे यांच्याच पॅकेजमुळे पलीकडे अडकलो आणि अलीकडे आलो नाही म्हणून यांनीच पैसे कापले. परत आल्यावर बिल दिलं, तर 'रस्ता बंद असल्याचं सरकारी पत्र आणा.' पोलिसांनी जाहीर केलेली सूचना दाखवली. 'सर, हे मोबाइलवरचं आहे, लेटरहेडवर पाहिजे.' कुल्लूच्या पोलिसांनी आमच्यासाठी लेटरहेडवर पत्र लिहावं, अशी यांची अपेक्षा. शेवटी बऱ्याच इमेलनंतर थोडे पैसे आले, उरलेल्या पैशांबाबत आमच्या तोंडाला पानं पुसली.

म्हणून माझं मत, तुम्हाला टोकाचं वाटलं तरी चालेल: सासू-सासरे सोबत असताना जानेवारीत सिस्सूला मुक्काम करू नका. हवा चांगली असेल त्या दिवशी मनालीहून सकाळी निघा, बोगद्यापलीकडे बर्फ बघा, दुपारी तीनच्या आत परत. उन्हं उतरली की रस्ता पुन्हा गोठायला लागतो. इथले काही सभासद म्हणतील की मुक्कामाची मजा वेगळी. असेल. ते बहुतेक पंचविशीतले आणि स्वतःच्या गाडीने जाणारे आहेत.

अंदाज बघायचा तर शिमल्याच्या हवामान केंद्राचा, आणि जिल्हानिहाय. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. दर गुरुवारी खातं पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, त्यावरून फक्त झंझावात येतोय का एवढं कळतं. तारखेनिशी विश्वास ठेवायचा तो शेवटच्या तीन-चार दिवसांच्या अंदाजावर. मोबाइलवर आपोआप दिसणारा आकडा बहुधा मनाली गावाचा असतो, उंची साधारण २,०५० मीटर. सिस्सू त्याहून हजार मीटर वर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात असा ठोकताळा आहे. खोऱ्यात रात्री थंड हवा साचते त्यामुळे तो तंतोतंत लागू पडत नाही, पण मनालीला उणे चार दिसत असेल तर पलीकडे उणे दहा धरून चाला. वर वारा. उणे दहाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या चेहऱ्याला उणे वीससारखं लागतं. मुलीचे गाल आणि कान झाका, फोटोसाठी टोपी काढायला लावू नका.

टूरवाल्याला आजच इमेल करा. फोन नको, फोनवर सगळे राजे असतात. विचारा की बोगद्यापलीकडे जायला गाडी कोणती, चेन गाडीत आहेत का, चेन चढवता येणारा ड्रायव्हर आहे का, पोलिसांनी अडवलं तर फोर बाय फोरचा खर्च कुणाचा, आणि अडकलो तर मनालीच्या खोलीचं काय. शिवाय बदलासाठी ते कोणत्या जिल्ह्याचा इशारा धरणार, हे जिल्ह्याचं नाव घालून लिहून घ्या. उत्तर गोलगोल आलं तर जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मनालीला खेटे घालावे लागत नाहीत. कायद्याचं मला एवढंच कळतं, पुढचं वकिलाला विचारा.

कपड्यांवर इथे आधीच पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. आतून सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. लोकरीचे मोजे घ्या, पण बूट घट्ट होता कामा नये. परळला हिवाळ्यात तिबेटी मंडळी स्वेटर घेऊन बसतात, तिथे चांगली लोकर मिळते, मॉलमध्ये दुप्पट पैसे घालवू नका. सोलंगच्या वाटेवर भाड्याने गमबूट आणि कोट देणाऱ्या टपऱ्या आहेत. ड्रायव्हर नेमका एकाच टपरीपाशी थांबवेल, का ते सांगायला नको. कोट घ्या हवा तर, पण गमबूट आतून हात घालून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायाचा ओलावा तसाच असतो, आणि ओल्या पायाने उण्यात उभं राहणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण.

सासऱ्यांना बीपी आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं विचाराच. इथल्या कुणाच्या सांगण्यावरून डोस बदलू नका, माझ्या तर नकोच. आणि खोलीत कोळशाची शेगडी कुणी आणून दिली, कितीही प्रेमाने दिली, तरी रात्री बंद दारात ठेवायची नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, दरवर्षी उत्तरेत यात माणसं जातात. विजेचा हीटर किंवा गादीवरचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मागा.

एक राहिलंच. सगळे बर्फाच्या काळजीत असतात आणि वेळ जातो तो चंदीगडच्या धुक्यात. जानेवारीत पंजाब-हरयाणात दाट धुकं असतं, पहाटेची विमानं आणि गाड्या तासन्‌तास लटकतात. मुंबईहून दुपारी पोहोचणारं विमान घ्या आणि त्याच रात्री मनाली गाठायचा हट्ट सोडा, मुलीचे आणि सासूबाईंचे हाल होतील. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान यातलं एक द्यावंच लागतं. काउंटरवर 'क्रेडिट शेल घ्या' (म्हणजे पैसे परत न घेता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवा) म्हणतील, तुम्हाला नको असेल तर नको म्हणा.

टूरवाल्याचं इमेल आलं की इथे टाका, नाव खोडून. गाडीबद्दल काय लिहितात ते बघून पुढचं सांगतो.