लांब पल्ल्याचं विमान सुरुवातीलाच 40,000 फुटांवर का जात नाही?

तुम्ही विचारलंय की उंचावर हवा विरळ, विरोध कमी, म्हणून इंधनही कमी लागतं. मग बारा-चौदा तास उडणारं विमान थेट सर्वात वर का नेत नाहीत? मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. मार्ग, उंची आणि इंधन यांचा आराखडा करणं हे माझं रोजचं काम.

मुख्य कारण वजन. बोइंग 777-300 ईआर जास्तीत जास्त 351 टनांपर्यंतच्या वजनाने उडू शकतं आणि त्याच्या टाक्यांत सुमारे 145 टन इंधन मावतं. एवढा भार विरळ हवेत पेलायचा तर नाक वर करून पंखांचा हवेशी होणारा कोन वाढवावा लागतो आणि त्याबरोबर विरोधही वाढतो. वेग वाढवायलाही वाव नसतो, कारण ध्वनीच्या वेगाजवळ जाताना विरोध झपाट्याने चढतो. शिवाय फार वर गेलं की स्टॉल होण्याचा वेग (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत) आणि कमाल वेग यांतलं अंतर कमी होत जातं. ती जोखीम इंधनासाठी कुणीही घेऊ नये.

म्हणजे प्रत्येक वजनाला त्याची एक योग्य उंची असते. इंधन जळून वजन 10 टक्के घटलं की ती साधारण 2,000 फुटांनी वर सरकते. खरं तर विमानाने सावकाश, सतत चढत राहावं हे उत्तम. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं कॉंकॉर्ड हे प्रवासी विमान 50,000 ते 60,000 फुटांच्या दरम्यान तसंच चढत जायचं, कारण तिथे इतर वाहतूक जवळपास नसायची. बाकीच्यांना ठरलेल्या थरांतच उडावं लागतं. 29,000 ते 41,000 फुटांमध्ये दोन थरांत 1,000 फुटांचं अंतर असतं आणि ते आलटून पालटून विरुद्ध दिशांना दिलेले असतात. म्हणून आपल्या दिशेचा पुढचा थर 2,000 फूट वर. 31,000, मग 33,000, 35,000 असं टप्प्याटप्प्याने चढायचं. यालाच स्टेप क्लाइंब म्हणतात.

पण हे सगळं गणित वारा उलटवू शकतो, आणि आराखड्यातला माझ्या सर्वात आवडीचा भाग हाच. समजा विमानाचा हवेतला वेग 480 नॉट, म्हणजे तासाला 480 सागरी मैल, आहे आणि योग्य उंचीवर समोरून 100 नॉटचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, येतोय. 3,800 सागरी मैल कापायला 10 तास लागतील. 4,000 फूट खाली वारा 60 नॉटच असेल, तर तेच अंतर नऊ तासांच्या आसपास संपतं. खालच्या दाट हवेत तासाला काही टक्के इंधन जास्त जळतं, पण जवळजवळ एक तास वाचतो. अशा वेळी मी बिनधास्त खालची उंची निवडतो.

एक अडचण मात्र उरतेच. चढायची वेळ येते तेव्हा वरच्या थरात दुसरं विमान असलं, तर नियंत्रक परवानगी देत नाही आणि वैमानिकाला खालीच थांबावं लागतं. समुद्रावरच्या गर्दीच्या मार्गांवर हे नेहमीचं आहे, त्यामुळे तिथे एखादी चढण मिळणार नाही असं धरूनच इंधन भरलेलं बरं.