दहावीला ९१ टक्के, घटक चाचणीत २५ पैकी ६

‘मॅडम, दहावीला एवढे मार्क पडले, मग आताच काय झालं?’ अकरावी सायन्सची पहिली चाचणी झाली की कोल्हापुरातल्या पालकांकडून माझ्याकडे हा प्रश्न येतोच. त्यातल्याच एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

शाहूवाडी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी कोल्हापुरात, राजारामपुरीत आत्याकडे राहत होती. दहावीला ९१ टक्के, फिजिक्सच्या चाचणीत ६. वडील एवढंच म्हणाले, “पोरगी जेवंना झालीया.”

“मला आर्ट्सला घाला मॅडम, हे डोक्यावरनं जातंय,” मुलगी म्हणाली.

“पेपर आणलायस?”

“दप्तरात लपवून ठेवलाय.”

‘तू हुशार आहेस’ असं मी तिला म्हटलं नाही. आत्मविश्वास कौतुकातून येत नाही, पुराव्यातून येतो, असं मी मानते. पुढच्या भेटीत पेपर आला. मी तीन पेनं दिली आणि गेलेल्या प्रत्येक मार्काला खूण करायला सांगितली. कळलंच नाही, तिथं लाल. कळलं पण इंग्रजीत लिहिता आलं नाही, तिथं निळी. आणि जे सोडवायला लागणारं गणित अजून शिकवलेलंच नाही, तिथं हिरवी.

“असं कुठं असतंय?” हिरवं पेन हातात धरून तिनं विचारलं.

मी तिच्याच गणिताच्या पुस्तकाचा दुसरा भाग पुढं केला. डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढणं, सापडलं ते अगदी शेवटच्या प्रकरणात. फिजिक्सला मात्र तेच डेरिव्हेटिव्ह, आणि जोडीला व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी), दुसऱ्या प्रकरणात येतात आणि तिसऱ्यात, प्रतलातल्या गतीत, थेट वापरावे लागतात. तिनं दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या, दोनदा बोट फिरवलं.

“म्हंजे हे अजून व्हायचंच हाय?”

मग ती मान खाली घालून भराभर खुणा करत सुटली. हिरवे १०, निळे ५, लाल ४. स्वतःला ढ समजणाऱ्या मुलीला खरोखर न कळलेला भाग चारच मार्कांचा होता! या तीन पेनांनी बऱ्याच मुलांची शाखा राखली आहे.

काम रंगानुसार वाटलं. हिरव्यासाठी दहावी भूमितीतलं त्रिकोणमितीचं प्रकरण पुन्हा, व्हेक्टरचे साइन-कॉसचे घटक, xⁿ च्या डेरिव्हेटिव्हचा नियम आणि लॉग टेबल बघायचा सराव. रोज अर्धा तास, तीन आठवडे. निळ्यासाठी रोज दोन व्याख्या: आधी मराठीत तोंडी सांगायच्या, मग पुस्तक मिटून इंग्रजीत लिहायच्या. नुसत्या पाठ केल्या की एक शब्द विसरला तरी सगळं वाक्य अडतं. लाल शंका चिठ्ठीवर लिहून त्याच दिवशी सरांना दाखवायची. वर्गात हात वर करायला संकोच वाटतो, चिठ्ठी मात्र देता येते.

निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे दिवस बहुतेक घरांत फॉर्म आणि पसंतीक्रमातच जातात. ते करावंच. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून पहिलं नाव विचार करून टाका. पण हिरव्या यादीसाठीही याहून चांगला वेळ नाही. जागा राखीव असेल तर बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच कॉलेजकडे विचारून घ्या. ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावाधाव होते.

आणखी एक क्लास लावू नका, असं मी तिच्या वडिलांना आग्रहानं सांगितलं. कॉलेज, क्लास आणि प्रवास झाल्यावर स्वतः गणित सोडवायला दोन तास उरले नाहीत, तर ऐकलेलं पचत नाही. आणि रोज फोनवर ‘किती पडले?’ याऐवजी ‘आज कुठं अडलं?’ असं विचारा.

सहामाहीला तिनं फिजिक्समध्ये ५० पैकी २९ मिळवले. आर्ट्सचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. केमिस्ट्री अजून लालच आहे. तिथं मोलपासून, म्हणजे पदार्थाचं प्रमाण मोजायच्या एककापासून, सुरुवात केली आहे.