‘कम्युनिझमने दहा कोटी माणसं मारली’ हा आकडा खरा आहे का? त्यावरून भांडवलशाही श्रेष्ठ ठरते का?

हा आकडा ‘ब्लॅक बुक ऑफ कम्युनिझम’ या १९९७ साली पॅरिसला निघालेल्या पुस्तकातला आहे. पुस्तक एकट्याचं नाही. देशवार प्रकरणं वेगवेगळ्या इतिहासकारांची आहेत, आणि दहा कोटी येतात ते संपादक स्तेफान कुर्त्वा यांच्या प्रस्तावनेत. तिथले आकडे स्वतः मांडून बघा: चीन साडेसहा कोटी, सोव्हिएत संघ दोन कोटी, कंबोडिया आणि उत्तर कोरिया प्रत्येकी वीस लाख, शिवाय इतर देश. बेरीज साडेनऊ कोटींच्या आतच राहते. प्रस्तावनेत ती ‘दहा कोटींच्या जवळ’ जाते आणि वादात सरळ दहा कोटी होते. सोव्हिएत संघावर लिहिणारे निकोला वेर्त यांचा स्वतःचा अंदाज दीड कोटीचा होता. ते आणि चीनवर लिहिणारे जाँ-लुई मार्गोलँ, दोघांनीही प्रस्तावनेला जाहीर विरोध केला.

म्हणून पुस्तक फेकून द्या असं मी म्हणणार नाही. सोव्हिएत संघातल्या स्तालिनच्या काळाबद्दल जे माहीत आहे तेच अंगावर काटा आणणारं आहे. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याखाली सामूहिक शेतातली मूठभर कणसं उचलली तरी दहा वर्षांची सजा किंवा थेट गोळी. जानेवारी १९३३ मध्ये युक्रेनच्या उपाशी शेतकऱ्यांना पोटासाठी बाहेर पडायलाही बंदी झाली. धान्य मात्र परदेशी जातच होतं. हे सगळं ‘भांडवलदारी प्रचार’ म्हणून झटकणाऱ्याशी बोलण्यात मला अर्थ वाटत नाही.

पण त्या कोट्यवधींमध्ये दुष्काळबळींचा वाटा फार मोठा आहे, चीनच्या आकड्यात तर १९५९-६१ च्या दुष्काळाचाच. सरकारी धोरणाने उपाशी मेलेला माणूस त्या व्यवस्थेच्या खात्यावर मांडायचा, हा नियम मला मान्य आहे. मग १८७६-७८ चा आपला दख्खनचा दुष्काळ कुणाच्या खात्यावर? बाजारात हात घालायचा नाही हे व्हाइसरॉय लिटनच्या सरकारचं धोरण होतं, निर्यात चालू होती, आणि लिटनच्या सरकारचा अधिकारी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. म्हणजे दिवसभर खडी फोडून जेमतेम साडेचारशे ग्रॅम. १९४३ च्या बंगालमध्ये सुमारे तीस लाख गेले. प्रस्तावनेतल्या नियमाने हे बळी भांडवलशाहीच्या नावावर लिहावे लागतील, आणि तिथे तशी यादीच नाही.

अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. वर्तमानपत्रं आणि विरोधक गप्प होते म्हणून चीनमधला दुष्काळ इतका लांबला. आणि भारतात चीनपेक्षा जास्त असलेले रोजचे, बातमी न होणारे मृत्यू दर आठ वर्षांनी त्या दुष्काळाइतके भरत होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ आहे ते यामुळे. पुस्तक जरूर वाचा, पण आधी वेर्त यांचं प्रकरण, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.